शेळीची साक्ष

भिवराबाईला रानातलं एखादं झाड ओळखता आलं नाही, असं आजवर झालं नव्हतं. झालं असेल तर तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. पालम तालुक्यात जिथं जिथं तिच्या घरच्यांच्या मेंढरांचा वाडा पडे, तिथल्या बायका पाला, मुळी, शेंग घेऊन तिच्याकडं येत. भिवराबाई पान हातात घेई, हुंगे आणि नाव सांगे. नाव इतक्या ठामपणे येई की चुकीचं असलं तरी झाडालाच लाज वाटावी.

या साली वाडा मुंजाजीरावांच्या रानात होता. तूर निघाली होती, शेत मोकळं होतं. दिवसा मेंढ्या चरायच्या, रात्री वाघरीच्या जाळीत बसायच्या. लेंड्या शेताला, ज्वारी भिवराबाईच्या नवऱ्याच्या, मल्हारीच्या घराला, असा हा जुना ठराव. मेंढ्यांना तो कुणी सांगितला नव्हता, पण त्यांच्या बाजूनं कधी कसूर झाली नव्हती.

यंदा मुंजाजीरावांनी ठरावाला एक शेपूट जोडलं होतं. पोरीच्या साखरपुड्याच्या वेळी त्यांनी रानात चार खोल्या बांधल्या आणि भोवती नर्सरीवाल्याकडून झाडांचं कुंपण लावून घेतलं. साखरपुड्याच्या फोटोत ते गुडघ्याएवढं, सरळ कापलेलं दिसतं. पुढं पोरगी सासरी गेली, कात्री गंजली आणि ठिबकच्या पाण्यावर कुंपण माणसाच्या डोक्यावर गेलं. त्याला निळसर फुलं आली, फुलांमागून पिवळ्या फळांचे घोस लोंबायला लागले. नाव कुणालाच माहीत नव्हतं. गडीमाणसं त्याला ‘मालकाचं कुंपण’ म्हणत.

"एक ध्यानात ठेव मल्हारी," मुंजाजीरावांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "कुंपणाला तोंड लागलं, की त्याच दिवशी वाडा उचलायचा."

"जी मालक," मल्हारी म्हणाला होता. मेंढरांच्या वतीनं तोच बोलत असे.

माघ संपत आला होता. सकाळी हात काकडत आणि दुपारी ढेकळं तापत. मल्हारीचा पोरगा बन्सीधर अर्धी मेंढरं घेऊन येलदरीकडं गेला होता. त्याची बायको दैवशाला सासू-सासऱ्याजवळ होती. पहिलटकरीण. पोट लुगड्यातून दिसायला लागलं होतं. तिला दिवसभर काहीतरी चघळायला लागे. ताडकळसच्या बाजारातून आणलेली चिंच संपली, तेव्हा तिनं चुलीतली माती खाल्ली. भिवराबाईनं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं, पण तिला ते लागलं.

त्या सकाळी भिवराबाई जाळीचे खुंट उपटत होती. वाडा रोज एक पट्टा पुढं सरकवावा लागे. तिनं मान वर केली तर ढवळी शेळी दिसली नाही. मेंढरांत चार शेळ्या होत्या, त्यांत ढवळी सगळ्यांत जुनी. भिवराबाई मालकांच्या घरामागं गेली. ढवळीनं पुढचे दोन्ही पाय कुंपणावर टाकले होते, मुंडकं आत खुपसलं होतं आणि जबडा चालला होता. पिवळे घोस तिच्या कानांवर लोंबत होते.

"मेले, वाडा उचलायला लावतीस का!" भिवराबाईनं तिला कान धरून खाली ओढलं आणि इकडंतिकडं बघितलं. मालक नव्हते.

मग तिनं घोसाकडं बघितलं.

भिवराबाईच्या सासूनं तिला एक कायदा शिकवला होता. मेंढी येडी असते, पुढच्या मेंढीच्या ढुंगणाकडं बघून खाते. शेळी हुंगून, निवडून खाते. शेळीनं जे खाल्लं ते माणसाला चालतं. या कायद्यावर घरच्या तीन पिढ्या जगल्या होत्या. ज्या जगल्या नाहीत त्यांनी तक्रार केली नव्हती.

तिनं एक फळ तोंडात टाकलं. आधी गोडसर, मग मागं जिभेला कडवट. रंग गोंदणीसारखा. गोंदण दाताला चिकटतं, हे चिकटलं नाही. गोंदण मिरगाच्या तोंडाला पिकतं, अजून होळी झाली नव्हती. या दोन्ही गोष्टी भिवराबाईच्या मनात आल्या आणि तिनं त्या बाजूला ठेवल्या, जसा घाईत पायातला काटा मागनं काढू म्हणून माणूस ठेवतं. पदर भरून ती परतली.

"हे काय वो आत्याबाई?" दैवशालानं विचारलं.

"गोंदण."

"आत्ता गोंदण?"

"रानाला क्यालेंडर असतंय का? पाणी लागलं की धरतंय. खा. माती खाण्यापरीस बरं."

दैवशालानं मिठाशी खाल्लं. पहिल्या घासाला तिचं तोंड जरा वाकडं झालं. सासू समोर बसली होती, कौतुकानं बघत होती. दैवशालानं सगळं संपवलं.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा ती विहिरीवरून पाणी आणत होती. घागर आधी पडली, मग ती बसली, मग उलटी झाली. पहिल्या उलटीला भिवराबाई म्हणाली, "पोटुशीला हुतंच." दुसरीला तिनं ताक दिलं. ते राहिलं नाही. मग तिनं मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या. ठसका लागला नाही, म्हणजे नजर लागली होती, हे सिद्ध झालं. पण दैवशालाचे ओठ सुजायला लागले होते, आणि नजरेनं ओठ सुजल्याचं भिवराबाईनं ऐकलं नव्हतं.

मल्हारी मेंढरं ओढ्याला सोडून पळत आला. सून सावलीत आडवी होती. हाक मारली की डोळे उघडायची आणि पुन्हा मिटायची.

"काय खाल्लंय हिनं?"

"गोंदण," भिवराबाई म्हणाली.

मल्हारीनं बायकोकडं बघितलं. गोंदण कधी पिकतं ते त्यालाही माहीत होतं. पण झाडपाल्याचं खातं लग्नापासून तिच्याकडं होतं आणि तो त्यात लक्ष घालत नसे.

"कुठलं गोंदण?"

भिवराबाईचा आवाज खाली गेला. "कुंपणाचं."

तेवढ्यात मुंजाजीरावांची जीप बांधावरून आत आली. वाडा नीट पुढं सरकलाय की नाही, हे बघायला ते आले होते. उतरले, दैवशालाकडं बघितलं, तिनं रानातलं कायतरी खाल्लंय एवढं ऐकलं आणि ओरडले, "आरं बघत काय बसलाव? घाला जीपात! आन् जे खाल्लंय त्याची फांदी घे. मागल्या साली आमच्या गड्याच्या बायकूनं मोगली एरंडाच्या बिया खाल्ल्या, तवा डाक्टरनं पयलं तेच इचारलं."

मल्हारी घरामागं पळाला. उंचावरची फांदी मोडली. तिला दोन घोस होते. ते बघून तो थांबला. फळ दिसलं की मालकाला कुंपण ओळखू येणार आणि सुनेच्या आजारपणात वाडा उचलावा लागणार. त्यानं दोन्ही घोस ओरबाडून टाकले, राहिलेलं एकेक फळही नखानं खुडलं. नुसत्या पानावरून मालक ओळखणार नाहीत याची त्याला खात्री होती. मालकांनी आपलं कुंपण जवळून कधी बघितलं नव्हतं. लांबून, अभिमानानं बघितलं होतं.

जीप खड्ड्यांतून उडत निघाली. भिवराबाईनं सुनेचं डोकं मांडीवर घेतलं होतं. प्रत्येक खड्ड्याला ती तिच्या पोटावर हात दाबून धरी.

"कुठल्या बांधावरचं खाल्लंय?" मुंजाजीरावांनी पुढून विचारलं.

"वढ्याकडच्या, मालक."

"तरीच. आपल्या रानात असलं इखारी कायबी न्हाई. आपुन समदं निवडून लावलंय."

मल्हारीनं फांदी पायाखाली सरकवली.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर तरुण होता आणि जागेवर होता. या दोन्ही नशिबाच्या गोष्टी होत्या. त्यानं नाडी बघितली, डोळ्यांत बॅटरी मारली, सलाइन लावायला सांगितलं. मनिषा सिस्टरनं सुई घातली तरी दैवशालानं हात ओढला नाही.

"काय खाल्लं?"

"गोंदण," भिवराबाई म्हणाली.

"किती?"

"दोन-चार."

"गोंदणीनं असं होत नाही, आजी."

"गोंदणच हाय. आमची हयात रानात गेली."

डॉक्टरनं फांदी उचलली, उलटीसुलटी केली आणि टेबलावर ठेवली. "मला झाडं ओळखता येत नाहीत," तो म्हणाला. एवढ्या उघडपणे बोलल्यामुळं त्याच्याबद्दल उपस्थितांचं मत जरा खालावलं. बाकी कुणालाच तशी अडचण नव्हती. पायाला पट्टी बांधून बसलेला एक जण म्हणाला रानजाई. त्याच्या मेव्हण्यानं मोबाइलवर फोटो काढला. मोबाइलनं थोडा विचार केला आणि सांगितलं, चहाचं झाड.

"च्या?" मुंजाजीराव म्हणाले. "मग काय हुतंय!"

मनिषाला मात्र तिच्या कॉलेजच्या राजेश्री मॅडम आठवल्या. परभणीला त्या वनस्पतिशास्त्र शिकवत. फोन लागला. इंटरनेट मात्र तेवढ्यात गेलं, फोटो जाईना. खिडकीशी, दाराशी, मोबाइल डोक्यावर धरून बघितला. रेंजची एक रेघ यायची आणि जायची.

"राहू दे फोटो," मॅडम फोनवरून म्हणाल्या. मनिषानं आवाज मोठा केला. "फळ आहे का हातात?"

मनिषानं मल्हारीकडं बघितलं.

"गळाली," मल्हारी म्हणाला.

"सगळी?"

"खड्डे लय हायत."

"बरं. पानं बघा. देठावर समोरासमोर आहेत का एकाआड एक?"

मनिषाचे हात सलाइनमध्ये गुंतले होते. "बाबा, तुम्ही बघून सांगा."

मल्हारीनं फांदी धरली. "जोडीनं हायत. एक हिकडं, एक तिकडं."

"कोवळी काडी चिमटीत धरून फिरवा. गोल फिरते का अडते?"

मल्हारीनं फिरवली. "आडती. कोर हाय तिला. चौकोनी लागायली."

"गोंदणीची काडी गोल असते. पान चुरगाळा. उग्र वास येतो? हाताला खरखरीत लागतं?"

"न्हाई. गुळगुळीत हाय."

"म्हणजे घाणेरी नाही. काडी मोडून बघा, चीक येतो का?"

"न्हाई."

"पानाच्या बगलेत काटा?"

मल्हारीनं अंगठा फिरवला आणि हात झटकला. अंगठ्यावर रक्ताचा थेंब आला. "हाय," तो म्हणाला.

"पानाच्या कडेला दाते? पुढच्या अर्ध्याच भागात?"

"जी."

"मनिषा, माझ्या डोक्यात एक नाव आलंय, पण ते आपल्याकडं रानात उगवत नाही. त्यांना विचार, झाड रानातलं आहे का कुणी लावलेलं?"

खोलीतल्या सगळ्यांनी मल्हारीकडं बघितलं. मल्हारीनं भिवराबाईकडं बघितलं. भिवराबाईच्या मागं, दाराला टेकून, मुंजाजीराव उभे होते.

"रानातलं," भिवराबाई म्हणाली. "वढ्याकडचं. गोंदणच हाय ते. यंदा काडी चौकोनी आली आसंल."

कुणी हसलं नाही. दैवशालाचा हात एकदा झटका बसल्यासारखा उडाला. मनिषानं तिच्या गालावर थोपटलं. "ताई. ताई, डोळे उघडा." डोळे उघडले नाहीत. नुसती बुबुळं पापणीखाली फिरली.

डॉक्टर भिवराबाईसमोर येऊन उभा राहिला. "आजी, गोंदणी असेल तर मी हिला इथंच ठेवतो, सकाळपर्यंत उतरेल. दुसरं काही असेल तर आत्ताच्या आत्ता परभणीला पाठवायला लागेल. उशीर झाला तर दोन जीव आहेत. मला नाव नको. तुम्ही काय बघितलं तेवढं सांगा."

भिवराबाईचं तोंड हललं. नाव जिभेवर होतं, नेहमीसारखं. ते सांगायला तिला काहीच त्रास पडला नसता. तिनं सुनेच्या सुजलेल्या ओठांकडं बघितलं. ओठाच्या कोपऱ्यात मिठाचा पांढरा कण अजून तसाच होता.

"म्या वळखलंच न्हवतं," ती म्हणाली.

"आँ?"

"मला न्हाई माहीत ते कशाचं झाड हाय. ढवळी खायली व्हती. शेळीनं वळखलं, म्या न्हाई." मग तिनं मागं न बघता पुढचं सांगितलं. "मालकाच्या कुंपणाचं हाय. दोन-चार न्हाई. वंजळभर दिलं. माझ्या हातानं."

"कुंपण?" फोनमधून आवाज आला. "फळ पिवळं? घोसानं लोंबणारं? मनिषा, दुरंता आहे तो! तुमच्या दवाखान्याच्या दारातच असेल बघ, सगळ्या सरकारी इमारतींपुढं असतो."

मनिषा फांदी घेऊन बाहेर पळाली. फाटकापासून पायरीपर्यंत पिवळ्या पानांचं, वरून टेबलासारखं कापलेलं कुंपण होतं. लोक त्यावर ओले टॉवेल वाळत घालत. दर महिन्याला कात्री चालत असल्यामुळं त्याला फळ धरायची सवड कधी मिळाली नव्हती. तिनं एक काडी चिमटीत धरून फिरवली. अडली. पानं जोडीनं. बगलेत बारीक काटा. रंग तेवढा निराळा.

"तेच आहे, सर!"

पुढचं भराभर झालं. डॉक्टर मॅडमशी बोलला, मग परभणीच्या दवाखान्याशी बोलला. अँब्युलन्स दाराशी लागली. मुंजाजीराव दारातून हलले नव्हते.

"डाक्टर," ते म्हणाले, "ते तर शोभेचं हाय."

"शोभेचंच आहे," डॉक्टर म्हणाला. "जरा बाजूला व्हा."

परभणीत त्या रात्री काय काय झालं ते भिवराबाईला कळलं नाही. तिला आत येऊ दिलं नाही. ती जिन्यात बसून राहिली. दुसऱ्या दिवशी ऊन खिडकीत आल्यावर एका सिस्टरनं येऊन सांगितलं, पोटातल्या लेकराचे ठोके चांगले आहेत. भिवराबाई आत गेली. दैवशाला टेकून बसली होती. ओठ उतरले होते, चेहरा पुसून काढल्यासारखा पांढरा होता.

भिवराबाई खाटेच्या कडेला बसली.

"आत्याबाई," दैवशाला म्हणाली, "ते कडू व्हतं."

"मग थुकली का न्हाईस, माय?"

"तुमी दिलं व्हतं."

भिवराबाईनं पदरानं तिचं तोंड पुसलं. तोंड कोरडं होतं. तरी तिनं पुन्हा पुसलं.

सून बरी होऊन वाड्यावर आली तेव्हा मुंजाजीराव वाटच बघत होते. दवाखान्यात त्यांनी धावपळ केली होती, जीपचं डिझेल जाळलं होतं, बन्सीधरला निरोप धाडला होता. माणुसकीची कामं उरकल्यावर आता ठरावाचं काम राहिलं होतं.

"चल मल्हारी. किती खाल्लंय ते दाव."

सगळे घरामागं गेले. मल्हारी मान खाली घालून, मालक हात मागं बांधून, दैवशाला सासूच्या दंडाला धरून. मल्हारीनं वाडा उचलायचा म्हणून खुंट आधीच मोजून ठेवले होते. कुठं जायचं ते मात्र ठरलं नव्हतं. या दिवसांत मोकळं, पाण्याजवळचं रान सापडत नाही.

कुंपण हिरवंगार उभं होतं. घोस होते तिथंच लोंबत होते. खाली मल्हारीनं ओरबाडून टाकलेले दोन घोस सुरकुतून पडले होते. मुंग्यांनीही त्यांना तोंड लावलं नव्हतं.

भिवराबाई जिथं ढवळी उभी होती तिथं गेली. फांद्यांत हात घातला. दातानं तुटलेली एक काडी हाताला लागली. तिनं ती चिमटीत धरून फिरवली. काडी सहज फिरली. तिनं दुसरी तुटकी काडी शोधली, तीही गोल. मग तिनं काडीच्या मागं मागं बोटं नेली. काडी कुंपणातून वाट काढत खाली गेली, ठिबकच्या ओलीत जमिनीत शिरली. बुडाशी दोन पानं शिल्लक होती, पाच कोनांची, शेजारी आधाराला गुंडाळलेला बारीक तणावा.

रानतोंडलीचा वेल. कुंपणावर चढला होता. ढवळीनं तो वेल तेवढा वेचून खाल्ला होता. चौकोनी काडीवर कुठंच दात उमटला नव्हता, फळाला तर तिनं नाकही लावलं नव्हतं.

भिवराबाईनं तुटकी गोल काडी मालकांपुढं धरली. "शेळीनं कुंपण खाल्लंच न्हाई, मालक. वेल खाल्लाय."

मुंजाजीरावांनी काडी बघितली, कुंपण बघितलं. आयुष्यात पहिल्यांदाच ते त्याच्या इतके जवळ उभे होते. काटा लागेल म्हणून त्यांनी हात मागंच ठेवले.

"म्हंजे तोंड लागलंच न्हाई?"

"न्हाई."

"मग लपवलाव कशापायी?"

मल्हारी अंगठ्यावरची खपली चोळत राहिला. मुंजाजीराव थोडा वेळ उत्तराची वाट बघत थांबले, मग ते न मिळालेलंच बरं असं वाटून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या वाडा. हे काढून टाकायला सांगतो जेसीबीवाल्याला." आणि जीपकडं निघाले.

मागून ढवळी आली. दैवशालाच्या लुगड्याला घासून पुढं झाली, पिवळ्या घोसापाशी नाक फेंदारलं, शिंकली, आणि बुडाशी उरलेला वेलाचा शेंडा ओढून चघळायला लागली.

"आत्याबाई," दैवशालानं विचारलं, "ती काय खायली?"

भिवराबाई तोंडली परकर नेसायच्या आधीपासून ओळखत होती. नाव जिभेवर आलंही. ती खाली बसली, ढवळीच्या तोंडातून पान ओढून घेतलं, उजेडाकडं धरलं, देठ चिमटीत धरून फिरवला.

"थांब," ती म्हणाली. "बघू दे आधी."